थेंब कोठून पडतो?

संकट घरीं यावयाचें म्हणजे तें दार ठोठावून, चांगला गाजावाजा करून येतें, अशी आपली समजूत असते. माझा अनुभव याच्या अगदीं उलट आहे. संकट प्रथम एखाद्या थेंबाच्या रूपानें येतें. आपण तो थेंब पाहतों, पायानें पुसतों आणि कचेरीची वेळ झाली म्हणून चालूं लागतों. पुढें व्हावयाचें तें होऊन गेल्यावर तो थेंब आठवतो. परंतु तोंपर्यंत उशीर झालेला असतो. हें सारें मला एका जुन्या मोटारीनें शिकविलें, आणि त्या शिकवणीची फी मीं चांगली जबर भरली आहे. माझी प्रतिष्ठा वाढेल असें या हकीकतींत कांहींच नाहीं. पण ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे आणि ज्यांच्या घरीं वडील माणसें आहेत, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांना तिचा थोडाबहुत उपयोग होईल असें वाटतें.

आमची मोटार म्हणजे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. १९६४ सालीं तेथून 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडूं लागली. आणि पुढें सत्तरच्या दशकांत तीच गाडी चितोडच्या राणीचें नांव धारण करून मुंबईभर मिरवूं लागली. आमचे अण्णा त्या कारखान्याच्या तपासणी खात्यांत बत्तीस वर्षें होते. रोज सकाळीं मुलुंडहून लोकलनें कुर्ल्यास जावयाचें, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांतील दोष शोधावयाचे आणि संध्याकाळीं पुन्हां लोकलनें घरीं यावयाचें, असा त्यांचा क्रम असे. स्वतःची गाडी दाराशीं येण्यास मात्र त्यांना पन्नाशीच्या जवळ यावें लागलें. कारण त्या काळीं पैसे भरून नांव नोंदविलें तरी गाडीची वाट वर्षानुवर्षें पाहावी लागे. गाडी आली त्या दिवशीं आईनें तिला ओवाळलें, काकूंनीं चाकांखालीं लिंबें ठेवलीं, आणि अण्णांनीं सर्वांच्या देखत गुडघे टेकून तिच्या पोटाखालीं डोकावून पाहिलें. त्यांचा जन्मच त्या कामांत गेलेला!

आतां कुर्ल्यास तो कारखाना नाहीं; त्या जागीं टोलेजंग इमारती उभ्या आहेत. मुंबईच्या टॅक्सींतूनहि ही गाडी गेली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, आणि वर्तमानपत्रांनीं तिच्यावर मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. तो अंक हातांत घेऊन माझा धाकटा भाऊ अण्णांच्या खोलींत आला आणि म्हणाला, "अण्णा, टॅक्सीवाल्यांनीं सोडली. आतां आपणहि सोडूं या." अण्णांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. काचबिंदूनें त्यांची दृष्टि इतकी अधू झाली आहे कीं, समोर माणूस आहे एवढेंच त्यांना कळतें. पण त्यांनीं ज्या रीतीनें तोंड खिडकीकडे फिरविलें, ती पाहून माझ्या पोटांत कालवलें.

आम्ही मुलुंड पूर्वेस, मिठागर रस्त्याच्या आंतल्या बाजूस, दोन लागूनच्या बिऱ्हाडांत एकत्र राहतों. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड खाऊन टाकण्यास ही जागा फारच सोईची आहे. त्याच सुमारास सोसायटीनें आवारांत नव्या फरशा बसविल्या. पावसाळ्यांत ओल्या जमिनीवर तेलाचा थेंब दिसत नाहीं. फार तर डबक्यावर रंगीबेरंगी तवंग येतो, आणि तो कोणाच्या गाडीचा हें वरुणराजासहि सांगतां येणार नाहीं. नव्या कोऱ्या फरशीवर मात्र आमच्या गाडीचा काळा डाग असा उमटला कीं, पुसण्याच्या खटपटींत तो दुप्पट झाला. चिटणिसांचें पत्र आलें. मीं एका गॅरेजवाल्यास बोलाविलें. त्यानें वांकून पाहिलें, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याशीं बोट लावलें, बोट तेलानें माखलें, आणि त्यानें निदान केलें: "मागचें ऑइल सील गेलें. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून भाऊ माझ्याकडे पाहून नुसता हंसला.

मीं तें अण्णांच्या कानांवर घातलें. ते म्हणाले, "अरे, थेंब पडतो तेथें काय पाहतोस? थेंब निघतो तेथें पाहा. आपलें कोंकणांतलें घर विसरलास? कौल फुटायचें कोन्याड्यावर आणि पाणी वाशावरून ओघळत येऊन टपकायचें माजघरांत. तुझी आजी माजघरावरचीं कौलें बदलायला लावी, आणि घर गळतें तें गळतेंच!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं शोधाचीं सूत्रें आपल्या हातीं घेतलीं. रात्रीं गाडीखालीं एक मोठा पांढरा पुठ्ठा पसरावयाचा, पुढच्या चाकांच्या खुणा खडूनें त्यावर करावयाच्या, म्हणजे कोणता डाग गाडीच्या कोणत्या अवयवाखालीं पडला हें नेमकें कळतें. सकाळीं मी तो पुठ्ठा वर घेऊन गेलों. अण्णा पलंगावर बसले होते. मीं त्यांचें बोट डागावर टेकविलें. त्यांनीं तें अंगठ्यावर चोळलें, नाकाशीं नेलें आणि वैद्यानें नाडी पाहावी तसे क्षणभर स्तब्ध राहिले.

"हें इंजिनाचें तेल. रंग काळा असणार. गिअरबॉक्सचें तेल याहून जाड असतें आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प येतो. हा तसा नाहीं. म्हणजे गिअरबॉक्सवर उगीच आळ आला."

मग त्यांनीं मला बाकीच्या गळत्यांचीहि ओळख करून दिली. चाकाच्या आंतल्या अंगाला फिक्या पिवळसर रंगाचा, बुळबुळीत डाग दिसला तर तें ब्रेकचें तेल. अशा वेळीं मिस्त्री येईपर्यंत गाडी जागची हलवूं नये. पेट्रोलचा डाग राहत नाहीं, तें उडून जातें. पण वास राहतो, आणि तो आला कीं आधीं बॅटरीची तार काढावी. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यांत हल्लीं कूलंट मिसळलेला असतो. तो रंगानें बहुधा हिरवा, बोटाला चिकटसर आणि वासाला गोड. "तो गोडवा फसवा आहे," अण्णा म्हणाले. "कुत्र्यामांजरांनीं चाटला तर तें जनावर प्राणास मुकतें. तसा थेंब पडला तर ताबडतोब धुऊन काढ. आवारांत लहान मुलेंहि असतात."

रविवारीं सकाळीं ते खालीं खुर्ची टाकून बसले आणि मीं त्यांच्या देखरेखीखालीं, म्हणजे त्यांच्या कानांच्या देखरेखीखालीं, काम आरंभिलें. इंजिनाची मागची बाजू रॉकेलच्या बोळ्यानें स्वच्छ पुसली, फडक्यानें कोरडी केली आणि आईच्या डब्यांतली टाल्कम पावडर तिच्यावर फुंकरीनें उडविली. मग चेकनाक्यापर्यंत एक फेरी मारून आलों. बॉनेट उघडून पाहतों तों पांढऱ्या पावडरीवर तेलाची एक काळी रेघ स्पष्ट उमटलेली! ती रेघ खालून वर धरीत गेलों, तर ती गिअरबॉक्सच्या सांध्यापासून निघून इंजिनाच्या पाठीवरून थेट माथ्यावर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यांत जाऊन थांबली. तेथील बुचाच्या लांकडाचें पॅकिंग वाळून तडकलें होतें. तेल तेथून निघे, पाठीवरून ओघळे, आणि ज्याचा कांहीं अपराध नाहीं अशा गिअरबॉक्सच्या दारांत टपके.

"वरचा ओला भाग हा खरा, त्याच्या खालचे सारे नुसते भिजलेले," अण्णा म्हणाले. "आणि पॅकिंग बदलतांना श्वासनळीहि पाहा. इंजिनाच्या पोटांतला वायु बाहेर जायला एक नळी असते. ती काजळीनें तुंबली कीं आंत दाब वाढतो आणि चांगल्या सांध्यांतूनसुद्धां तेल बाहेर ढकललें जातें. मग तूं सांधे बदलीत बस!" नळी खरोखरच तुंबली होती. ती साफ केली, नवें पॅकिंग बसविलें, बोल्ट आवळतांना अण्णांनीं, "पुरे, पुरे, फार आवळलेंस तर पुन्हां गळेल," असें बजाविलें. डाग बंद झाला. भावानेंहि मोकळ्या मनानें अण्णांचें कौतुक केलें; पण त्याबरोबरच सर्वांसमक्ष एक अटहि घातली. पुन्हां गाडीखालीं कांहीं पडलें, तर मात्र गाडी काढावयाची. अण्णा म्हणाले, "मान्य." मीहि मान्य म्हटलें.

येथपर्यंतची हकीकत अण्णांच्या विजयाची आहे. यापुढची माझ्या पराक्रमाची.

मार्गशीर्षांतल्या एका पहाटे पुठ्ठ्यावर रुपयाएवढा हिरवट डाग दिसला. जागा इंजिनाच्या अगदीं पुढच्या टोकाखालीं. बोट लावलें; चिकट. वास घेतला, गोड. बॅटरी घेऊन मी गाडीखालीं शिरलों. ज्याला आमचे मिस्त्री 'वॉटर बॉडी' म्हणतात, त्या पाण्याच्या पंपाच्या खालच्या अंगाला मसुराच्या दाण्याएवढें एक भोंक होतें आणि त्याच्या ओठावर एक हिरवा थेंब लोंबत होता. अण्णांनीं शिकविलेल्या रीतीप्रमाणें मीं त्याच्या वर पाहिलें. वरचें सारें कोरडें होतें. म्हणजे गळतीचा उगम सांपडला! मला फार आनंद झाला. पण लगेच भावाची अट आठवली. अण्णांचें खिडकीकडे फिरलेलें तोंड आठवलें. वर जाऊन हें सांगितलें, तर संध्याकाळच्या चहालाच गाडीचा निकाल लागणार होता.

वाचकहो, मीं काय केलें तें आतां सांगतों. घरांत गळक्या नळासाठीं आणलेलें, मळून लावावयाचें लुकण होतें. तें मळून मीं त्या भोंकांत दाबून बसविलें, वरून बोटानें सारखें केलें, पुठ्ठा फाडून टाकला आणि हात धुऊन पूजेला बसलों. दुसऱ्या दिवशीं पुठ्ठा कोरडा. तिसऱ्या दिवशींहि कोरडा. रेडिएटरमधलें पाणी जेथल्या तेथें! एका पैशाच्या खर्चावांचून गाडी वांचविल्याचें मला केवढें समाधान वाटलें म्हणून सांगूं!

अण्णा रोज सकाळीं चहाचा पेला हातांत घेऊन विचारीत, "आज काय पडलें?" आणि मी म्हणें, "कांहीं नाहीं, अण्णा." पहिल्या दिवशीं तें म्हणतांना जीभ अडखळली. नंतर तिला संवय झाली.

माघाच्या शेवटीं शेवटीं इंजिनाच्या पुढच्या बाजूनें एक बारीक गुरगुर ऐकूं येऊं लागली. भरल्या पोटानें मांजर करतें तशी. मला ती ऐकूंहि आली नसती, पण एके दिवशीं देवळांतून परत येतांना मागच्या बैठकीवरून अण्णांनीं विचारलें, "हा आवाज कसला रे?" मीं म्हणालों, "पंख्याचा पट्टा सैल झाला असेल." ते गप्प राहिले. बत्तीस वर्षें ज्यानें इंजिनाचे आवाज ऐकले त्या माणसानें माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी त्याचा मुलगा होतों आणि मला डोळे होते.

२०२४ च्या वैशाखांत नाशिकला नात्यांत एक मुंज होती. भाऊ म्हणाला, "अण्णांना आगगाडीनें न्या." अण्णा म्हणाले, "गाडीनें जाऊं. एकदां घाट चढूं दे तिला." ते 'शेवटचा' असें म्हणाले नाहींत, पण सर्वांना तें ऐकूं आलें. पहाटे पांचला अण्णा, आई, माझा दहा वर्षांचा पुतण्या आणि मी असे निघालों. ठाणें मागें पडलें, शहापूर मागें पडलें. कसारा घाटाच्या पायथ्याशीं गुरगुर होती तिची घरघर झाली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा एकच कर्कश आवाज झाला आणि बॉनेटखालून वाफेचा लोट उसळला. काच पांढरी झाली. मीं कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली.

गोंधळलेल्या माणसास पहिल्यानें जें सुचतें तें बहुधा चुकीचें असतें. मीं फडकें घेतलें आणि रेडिएटरचें झांकण उघडण्यास हात घातला. तोंच अण्णा ओरडले. बाहेर येऊन, चाचपडत, त्यांनीं माझें मनगट धरलें. "प्रेशर कुकरचें झांकण शिटी चालूं असतां उघडशील का? आंत दाब आहे म्हणून तें पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनहि पाणी राहिलें आहे. झांकण निघालें कीं त्याची वाफ होईल, आणि ती तुझ्या तोंडावर येईल. अर्धा तास कोणीं हात लावूं नका." त्यांचा हात थरथरत होता; पण पकड कारखान्यांतली होती.

अर्ध्या तासानें पाहिलें तों पंपाचा दांडा आपल्या बेअरिंगांतून निखळून वांकडा झाला होता, त्याच्या टोकावर बसविलेला पंखा रेडिएटरमध्यें घुसला होता आणि त्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या नळ्यांची चाळण झाली होती. मालमोटारी शेजारून धडधडत वर जात होत्या. ऊन चढत होतें. झाडाची सांवली म्हणावी तर एक वाळकें सागाचें झाड. अण्णांना तेथें बसविलें. दहाच्या सुमारास त्यांना घेरी आली. ओंठ कोरडे पडले, कपाळ थंड लागूं लागलें, आणि आईनें माझ्याकडे असें पाहिलें कीं तें पाहणें मी जन्मांत विसरणार नाहीं. एका मालमोटारवाल्या सरदारजीनें गाडी थांबविली, आपल्या मडक्यांतलें पाणी दिलें, अण्णांना स्वतः उचलून आपल्या शेजारीं बसविलें आणि इगतपुरीच्या दवाखान्यांत पोंचतें केलें. मुंजीचा मुहूर्त टळून गेला होता. डॉक्टरांनीं सलाईन लावलें. संध्याकाळीं अण्णा उठून बसले. आणि त्यांनीं पहिला प्रश्न केला तो गाडीचा.

आठ दिवसांनीं मुलुंडला आमच्या मिस्त्रींनीं पंप उघडला. अण्णा खुर्चीवर होते, भाऊ उभा होता, मीहि उभा होतों. मिस्त्रींनीं पंप उलटा केला, नखानें खालची बाजू खरवडली आणि विचारलें, "साहेब, हें भोंक कोणीं बुजविलें?"

उत्तर देण्यापूर्वीं मला बराच वेळ गेल्यासारखें वाटलें. मग मीं म्हणालों, "मीं."

अण्णांनीं हात पुढें केला. मिस्त्रींनीं पंप त्यांच्या हातांत दिला. ते बोटानें तें भोंक चाचपूं लागले. त्यांतल्या लुकणावर बोट थांबलें. मग ते रागावल्याशिवाय, नव्या कामगारास समजावून द्यावें तसें बोलूं लागले. पंपाच्या दांड्यावर एका अंगाला पाणी असतें, दुसऱ्या अंगाला बेअरिंग. मध्यें एक सील असतें, पाणी अलीकडे येऊं नये म्हणून. पण कोणतेंहि सील कधीं ना कधीं झिजावयाचेंच, हें पंप करणाऱ्यास ठाऊक असतें. म्हणून सील आणि बेअरिंग यांच्यामध्यें तो खालीं एक भोंक मुद्दाम ठेवतो. सील झिजलें कीं पाणी बेअरिंगकडे न जातां त्या भोंकांतून बाहेर टपकतें. बेअरिंग वांचतें, आणि मालकास कळतें कीं सील बदलण्याची वेळ आली.

"तूं तेथून थेंब पडतांना पाहिलास आणि गळती तेथेंच आहे असें समजलास," ते म्हणाले. "गळती आंत होती. तें भोंक पाण्यासाठीं नाहीं. तें आपल्यासाठीं ठेवलेलें असतें."

भोंक बुजल्यावर पाणी गेलें कोठें? बेअरिंगांत. त्यानें आंतलें वंगण धुऊन काढलें, गोळ्यांना गंज चढला, गुरगुर सुरू झाली. आणि घाटांत काय झालें तें मीं सांगितलेंच आहे. मिस्त्रींनीं तळहातावर त्या गोळ्या ओतल्या. जळक्या मिऱ्यांसारख्या दिसत होत्या.

आतां भाऊ बोलेल आणि गाडी जाईल, अशी मीं मनाची तयारी केली. तो म्हणाला, "दादा, मला गाडीच्या पैशांचें कांहीं नव्हतें रे. अण्णा तींत बसतात आणि तूं ती घाटांतून नेतोस, याची भीति वाटत होती. मीं तें मोठ्यानें बोललों. तूं बोलला नाहींस, एवढाच फरक." एवढें बोलून त्यानें मिस्त्रींना कोणकोणते भाग लागतील तें विचारून कागदावर लिहून घेतलें, आणि त्या शनिवारीं स्वतः कुर्ल्यास जाऊन, सी. एस. टी. रस्त्यावरचीं भंगाराचीं दुकानें पालथीं घालून, पंप आणि रेडिएटर घेऊन आला. गाडी काढण्याचा विषय त्यानें त्या दिवशीं काढला नाहीं. मींच तो रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांपुढें काढला. असें ठरलें कीं, गाडी ठेवावयाची, पण घाट चढावयाचा नाहीं. आणि पुठ्ठ्यावर जें पडेल तें घरांतल्या प्रत्येकास कळलें पाहिजे.

गाडी परत घेण्यापूर्वीं मिस्त्रींनीं आणखी एक तपासणी केली, ती सांगून ठेवतों. कारण सर्वांत वाईट गळती तीच, जिचा थेंब जमिनीवर पडतच नाहीं. इंजिन फार तापलें म्हणजे माथ्याखालचें हेड गॅस्केट जळतें आणि पाणी आंतल्या आंत सिलिंडरमध्यें किंवा तेलांत उतरतें. फरशी कोरडी, पण रेडिएटरमधलें पाणी रोज कमी! अशा वेळीं तेलाचें झांकण काढून त्याची आंतली बाजू पाहावी. ताकासारखा पांढुरका फेस दिसला तर संशय धरावा. गाडी चांगली तापल्यावरहि धुरांड्यांतून पांढरा दाट धूर येत राहिला, त्याला गोडसर वास आला, तर तो संशय बळावतो. मिस्त्रींनीं रेडिएटरच्या तोंडावर दाबाचा कांटा असलेला एक हातपंप बसविला, झांकणावर लिहिला होता तेवढा दाब भरला आणि कांटा खालीं येतो का पाहत बसले. पाव तास कांटा हलला नाहीं. आमचें दैव बलवत्तर.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. आमच्या काकूंचा स्वभाव कुरकुरा. भाजींत मीठ कमी, नळाला पाणी लवकर जातें, मुलें रात्रीं उशिरां येतात, असा त्यांचा दिवसभर पाढा चालूं असे. आम्ही सर्वांनीं मिळून मोठ्या युक्तीनें त्यांचें तोंड बंद केलें होतें. कोणी त्यांना पोथी आणून दिली, कोणी दूरदर्शन संच, कोणी नुसतेंच हंसून उत्तर देई. काकू अलीकडे कांहीं बोलेनाशा झाल्या होत्या, आणि घर किती शांत झालें म्हणून आम्ही समाधान मानीत होतों. घाटाहून परत आल्यावर एके दिवशीं मी त्यांच्याजवळ जाऊन बसलों आणि विचारलें, "काकू, हल्लीं तुम्ही मिठाविषयीं बोलत नाहीं?" त्या बराच वेळ माळ ओढीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला चवच कळत नाहीं रे आतां. दोन महिने झाले. सांगून उपयोग काय?" दुसऱ्या दिवशीं त्यांना डॉक्टरांकडे नेलें. औषध चालूं आहे. मिठाची तक्रार अजून परत आलेली नाहीं. पण ती येईल त्या दिवशीं आमच्या घरीं पेढे वांटले जातील.

नवा पंप बसला त्याला आतां बरेच दिवस झाले. त्याच्या पोटाखालचें भोंक उघडें आहे. मी आठवड्यांतून एकदां काडीनें तें मोकळें असल्याची खात्री करून घेतों. रात्रीं पुठ्ठा पसरण्याचें काम पुतण्यानें आपणहून पत्करलें आहे. जुन्या इंजिनाला थोडें तेल गाळण्याचा हक्कच असतो. तेव्हां सकाळीं एखाददुसरा काळा ठिपका पुठ्ठ्यावर असतो, आणि तो कोणत्या जागीं व केवढा, हें पुतण्या अण्णांना शाळेंतला पाढा म्हणावा तसें घडाघडा सांगतो.

परवां मात्र पुठ्ठा अगदीं कोरा होता. पोरगा आनंदानें उड्या मारीत वर आला. "आजोबा, आज कांहींच पडलें नाहीं! एक थेंबसुद्धां नाहीं!"

अण्णांनीं चहाचा पेला खालीं ठेवला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "थेंबसुद्धां नाहीं? मग खालीं जा, आणि आधीं तेलाची पट्टी काढून पाहा."